आधी अर्ज, लगेच प्रकाशन: विद्यापीठांच्या संशोधन व्यवस्थेला खुले पत्र

प्रति,
विद्यापीठांचे कुलगुरू, संशोधन संचालक, बौद्धिक संपदा कक्षांचे प्रमुख आणि पीएच.डी. मार्गदर्शक यांस,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठातल्या संशोधकाला एकाच आठवड्यात दोन उलट सूचना मिळतात. विभागप्रमुख सांगतात, निबंध लवकर पाठवा, मूल्यांकन जवळ आले आहे. बौद्धिक संपदा कक्ष सांगतो, पेटंटचा अर्ज होईपर्यंत कुठे काही बोलू नका. तो अर्ज कधी होणार, हे मात्र कोणी सांगत नाही. मग एक तर संशोधक कक्षाला न कळवता निबंध पाठवून मोकळा होतो, नाही तर विद्यार्थ्याचा तयार प्रबंध महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतो. पहिल्या वाटेने हक्क जातो, दुसऱ्या वाटेने विद्यार्थ्याचे वर्ष जाते. दोन्ही टाळता येते, कारण पेटंट आणि प्रकाशन यांच्यात मुळात क्रमाचाच प्रश्न आहे. हा क्रम लावून देणे तुमच्या कार्यालयांचे काम आहे, आणि आज बहुतेक ठिकाणी ते काम संशोधकावर सोडून दिलेले आहे. म्हणून हे पत्र.

आधी प्रकाशन कशाला म्हणायचे, ते नेमके पाहू. पेटंटसाठी शोध नवीन असावा लागतो, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही लोकांसमोर आलेला नसावा. युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५४ नुसार लेखी, तोंडी, प्रत्यक्ष वापरातून किंवा आणखी कोणत्याही मार्गाने बाहेर आलेली गोष्ट जुनी ठरते, मग ती खुद्द संशोधकाने सांगितलेली असो. कलम ५५ मध्ये सहा महिन्यांची सवलत आहे, पण ती कोणी विश्वासघाताने माहिती फोडली किंवा ठरावीक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात शोध मांडला तरच. अमेरिकेत स्वतःच केलेल्या प्रकटीकरणाला एक वर्षाची मुदत मिळते. जपाननेही २०१८ मध्ये सहा महिन्यांची मुदत एक वर्षावर नेली, मात्र तिथे अर्जासोबत तसे निवेदन आणि त्यानंतर पुरावा द्यावा लागतो. भारतीय कायद्याचे कलम ३१ बारा महिने देते, पण अधिसूचित प्रदर्शन, विद्वत्‌संस्थेपुढे वाचलेला निबंध, तिच्या कार्यवृत्तात छापलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरते. कोणत्याही नियतकालिकातला कोणताही निबंध त्यात बसतो, असा समज अनेक विभागांत आहे आणि तो चुकीचा आहे. या सवलती चूक झाल्यानंतर उपयोगी पडतात. त्यांच्या भरवशावर वेळापत्रक आखले, तर ज्या देशात सवलत नाही तिथला हक्क पहिल्याच दिवशी गेलेला असतो.

‘लोकांसमोर येणे’ याचा अर्थ न्यायालयांनी किती बारकाईने लावला आहे, हे प्रत्येक मार्गदर्शकाला माहीत असायला हवे. अमेरिकेतल्या क्लोपफेन्स्टाइन प्रकरणात चौदा स्लाइड छापून फलकांवर लावल्या होत्या. एका परिषदेत अडीच दिवस आणि नंतर एका विद्यापीठात दिवसभराहून कमी वेळ त्या लोकांना दिसत होत्या. प्रती वाटल्या नव्हत्या, ग्रंथालयात काही ठेवले नव्हते. तरीही २००४ मध्ये न्यायालयाने ते मुद्रित प्रकाशनच मानले, कारण पाहणारे जाणकार होते, नक्कल करू नका अशी सूचना कुठेही नव्हती आणि मजकूर उतरवून घ्यायला सोपा होता. १९८६ च्या हॉल प्रकरणात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयातली प्रबंधाची एकच प्रत पुरेशी ठरली, कारण तिची सूचीत नोंद झाली होती. उलट १९८९ च्या क्रोनिन प्रकरणात पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध प्रकाशन ठरले नाहीत. त्यांची कार्डे विषयवार नव्हती, फक्त विद्यार्थ्यांच्या नावांनी लावून बुटांच्या खोक्यात ठेवलेली होती, त्यामुळे विषय शोधत येणाऱ्याला ते सापडलेच नसते. सापडण्याजोगे असणे, हा निकष. आज प्रत्येक प्रबंध विषयशब्दांसह ऑनलाइन भांडारात जातो, तेव्हा खोक्यातल्या कार्डांची सवलत कोणालाच उरलेली नाही.

या निकषावर रोजच्या गोष्टी तपासून पाहा. प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा निबंध) ऑनलाइन चढवला त्या क्षणी प्रकाशन होते. कोडचे सार्वजनिक भांडार, रेकॉर्ड करून चढवलेले सेमिनार, अनुदानाच्या संकेतस्थळावरचा प्रकल्पाचा सारांश, खुली मौखिक परीक्षा, गोपनीयतेच्या कराराविना दुसऱ्या प्रयोगशाळेला दिलेला नमुना, हे सगळे त्यात येते. सर्वांत जास्त चूक होते ती परिषदेच्या बाबतीत. संशोधक भाषणाची तारीख डोळ्यांसमोर ठेवतो, पण सारांशांची पुस्तिका परिषदेच्या कित्येक आठवडे आधी ऑनलाइन आलेली असते. नियतकालिकाचेही तसेच: अंकाची तारीख पुढची असते आणि निबंध ‘आगाऊ प्रकाशन’ म्हणून आधीच दिसू लागतो. म्हणून संशोधकाने कक्षाला द्यायच्या अर्जाच्या नमुन्यात ‘परिषदेची तारीख’ विचारू नका, ‘सारांश प्रथम ऑनलाइन दिसण्याची तारीख’ विचारा. नियतकालिकाकडे परीक्षणासाठी पाठवलेला निबंध, विभागाची अंतर्गत बैठक आणि गोपनीयतेच्या करारानंतर कंपनीशी झालेली चर्चा मात्र सहसा प्रकाशन ठरत नाही. निबंध परीक्षणाला पाठवण्यासाठी पेटंटची वाट पाहायची गरज नसते. तो छापून येण्याआधी अर्ज झालेला असला की पुरते. नियतकालिक परीक्षणाला घेतानाच प्रीप्रिंट चढवते का, तेवढे तपासून घ्यावे.

उशीर झाला तर काय होते, याचे विद्यापीठांच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुनर्संयोजित डीएनएचे आहे. स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेचे हर्बर्ट बॉयर यांचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटंटचा अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ ला झाला, अमेरिकी मुदत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. अमेरिकेतला हक्क वाचला. बाहेरच्या देशांतला निबंध छापला तेव्हाच गेला होता. तरीही पहिले पेटंट डिसेंबर १९८० मध्ये मिळाल्यापासून १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. हा परवाना कोणा एकाला दिलेला नव्हता, जो मागेल त्याला होता. सुरुवातीचे शुल्क आणि वार्षिक किमान रक्कम प्रत्येकी दहा हजार डॉलर, पुढे विक्रीवर अल्प रॉयल्टी. ना-नफा संशोधनाला परवान्याची अडचण आली नाही. परवान्याबद्दल पुढे जे लिहितो आहोत, त्याचा पाया या उदाहरणात आहे.

आता क्रम. पहिल्या अर्जाची तारीख हा शून्य दिवस धरा. दुसऱ्या दिवशी निबंध प्रसिद्ध करायला हरकत नाही. पॅरिस करारानुसार बारा महिन्यांच्या आत इतर देशांत किंवा पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट-सहकार्य करारामार्फत अर्ज करता येतो आणि पहिली तारीख टिकते. अठराव्या महिन्यात अर्ज आपोआप प्रसिद्ध होतो. तिसाव्या महिन्यापर्यंत, युरोप आणि भारतात एकतिसाव्यापर्यंत, कोणकोणत्या देशांत पुढे जायचे ते ठरवावे लागते, आणि खरा खर्च तिथे सुरू होतो. परवाना घेणारा शोधायला म्हणजे अडीच वर्षे मिळतात. ती हातात असताना प्रकाशन थोपवून धरण्याने काहीही मिळत नाही. उलट निबंध वाचूनच कंपन्या विचारणा करतात. आणखी एक अट विसरू नये: भारत, अमेरिका, चीन यांसारखे देश आपल्याकडे झालेल्या किंवा आपल्या रहिवाशांच्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करू देत नाहीत. भारतात कलम ३९ नुसार आधी परवानगी घ्यावी लागते, किंवा देशात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परदेशी भागीदार विद्यापीठाने ‘आम्ही आमच्याकडून अर्ज करतो’ म्हटले, की हे हमखास राहून जाते.

मात्र पहिला अर्ज कसा केला जातो, यावर सगळे अवलंबून आहे. परिषद उद्या आहे म्हणून आज रात्री स्लाइडच प्रोव्हिजनल अर्ज (पहिली तारीख मिळवणारा तात्पुरता अर्ज) म्हणून चढवायच्या, ही पद्धत सर्रास चालते आणि फार महागात पडते. समजा, एक उत्प्रेरक आहे. निबंधात एकच धातू, एकच तापमान, ८० अंश, आणि एकच विद्रावक आहे. अर्जातही तेवढेच टाकले. चौथ्या महिन्यात निबंध छापून आला. अकराव्या महिन्यात वकील पूर्ण अर्ज लिहितात आणि त्यात क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा ते, मांडतात: तीनपैकी कोणताही धातू, ६० ते १२० अंश. हा विस्तार पहिल्या अर्जात नव्हता, म्हणून त्याला पहिली तारीख मिळत नाही. आणि ज्या तारखेला तो प्रथम लिहिला गेला, त्याआधी सात महिने तुमचाच निबंध प्रसिद्ध झालेला आहे. सवलत न देणाऱ्या देशात परीक्षक तोच निबंध पुढे ठेवून म्हणतो, यावरून उरलेले कोणालाही सुचले असते. अर्ज केला, शुल्क भरले आणि हाती राहिला तो एक धातू, एक तापमान. प्रतिस्पर्धी ८५ अंशावर दुसरा धातू वापरून निघून जातो.

हे टाळायला पहिल्या अर्जात निबंधापेक्षा जास्त असावे लागते. कमाल-किमान मर्यादा आणि त्या तशा का, पर्यायी घटक, निदान दोन-तीन प्रत्यक्ष केलेली उदाहरणे, फसलेले प्रयोग (कुठल्या मर्यादेबाहेर चालत नाही, हे त्यावरून दाखवता येते), उपयोगाची इतर क्षेत्रे आणि सगळ्या आकृत्या. जाणकार संशोधकाला बसून हे लिहायला दोन-तीन दिवस लागतात. ते दिवस त्याला कक्षाने मागून घ्यायला हवेत.

नावांबाबतही इतकीच काटेकोर वृत्ती लागते. निबंधाचा लेखक आणि पेटंटमधला संशोधक या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने क्लेममधल्या कल्पनेत भर घातली तो संशोधक. ज्याने सांगितल्याप्रमाणे मोजमापे घेतली, निधी आणला किंवा विभाग चालवला, तो त्या कारणाने संशोधक ठरत नाही. प्रमुखांचे नाव आदराने घालणे आणि विद्यार्थ्याचे विसरणे, दोन्हींमुळे पेटंट पुढे अडचणीत येते. अर्जदारांच्या नावातली गफलत किती मोठी ठरू शकते, हे जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्रावरच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या एका युरोपीय पेटंटने दाखवले. अमेरिकेतल्या मूळ अर्जात असलेला एक अर्जदार पुढच्या आंतरराष्ट्रीय अर्जात नव्हता आणि त्याने अग्रक्रमाचा (पहिल्या अर्जाची तारीख धरण्याचा) हक्क हस्तांतरितही केला नव्हता. परिणामी पहिली तारीख टिकली नाही, मधल्या काळात प्रसिद्ध झालेले साहित्य विरोधात उभे राहिले आणि पेटंट रद्द झाले. जानेवारी २०२० मध्ये अपील मंडळानेही ते रद्दच ठेवले.

मालकी मुळात कोणाची, हा प्रश्न शोध लागल्यावर विचारायचा नसतो. स्टॅनफर्ड विरुद्ध रोश या खटल्यात एका संशोधकाने विद्यापीठाशी ‘हक्क हस्तांतरित करण्याचे मान्य करतो’ असा करार केला होता. नंतर तो एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तंत्र शिकायला गेला आणि तिथे पाहुण्यांच्या गोपनीयता करारावर सही केली, ज्यात ‘याद्वारे हस्तांतरित करतो’ असे शब्द होते. पहिले भविष्यातले वचन, दुसरे त्याच क्षणी झालेले हस्तांतर. दुसरे वरचढ ठरले. सरकारी निधीचे संशोधन आहे म्हणून मालकी आपोआप विद्यापीठाकडे येते, हा युक्तिवाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. तुमच्या नेमणूकपत्रांतली हस्तांतराची ओळ आजच काढून वाचा. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगून ठेवा: तिथला कोणताही कागद सही करण्याआधी कक्षाकडे यावा, ‘हजेरीचा फॉर्म आहे’ असे कोणी म्हटले तरी.

विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. पगार न घेणारा विद्यार्थी कर्मचारी नसतो, म्हणून त्याच्या शोधावर विद्यापीठाचा हक्क आपोआप चालत नाही. प्रवेशाच्या गर्दीत एका ओळीवर सही घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कंपनीच्या निधीचा प्रकल्प किंवा विद्यापीठाच्या आधीच्या पेटंटवर उभे राहिलेले काम असेल तेव्हाच हस्तांतर मागावे, ते प्रकल्पात येण्यापूर्वी मागावे, उत्पन्नातला वाटा प्राध्यापकाइतकाच द्यावा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला दुसरा विषय मिळावा. त्याचबरोबर प्रबंधाचा कॉपीराइट विद्यार्थ्याकडेच राहू द्यावा. विद्यापीठाला तो जतन करण्याचा आणि दाखवण्याचा परवाना मिळाला की काम भागते.

प्रबंधावरच्या एम्बार्गोबद्दल, म्हणजे तो ठरावीक मुदत बंद ठेवण्याबद्दल, आमचे मत कडक आहे. मुदत सहा महिने, वाढवायची तर लेखी कारण देऊन एकदाच, आणखी सहा. बाह्य परीक्षकांकडून एक पानी गोपनीयता करार घ्यावा, मौखिक परीक्षा त्या मुदतीत बंद दाराआड व्हावी, आणि शीर्षक व सारांश तपासावेत, कारण प्रबंध कुलूपबंद ठेवून सारांशात सगळी पद्धत सांगून टाकल्याचे प्रकार होतात. पण पदवी कोणत्याही परिस्थितीत अडू नये. अर्ज एकदा झाला की एम्बार्गोचे कारणच संपते. त्या दिवशी तो उठवणारी व्यक्ती नेमून द्या, नाही तर कोणाच्याही लक्षात राहत नाही आणि प्रबंध वर्षानुवर्षे बंद राहतो.

कंपनीच्या निधीच्या करारांत प्रकाशनाला ‘लेखी संमती’ची अट असते. तिथे सही करू नका. कंपनीला हस्तलिखित वाचायला तीस दिवस द्यावेत, पेटंटजोगे काही दिसले तर अर्जासाठी आणखी साठ. तिने दिलेली गोपनीय माहिती वगळण्याची मागणी ती करू शकते. निष्कर्ष वगळण्याची नाही. नव्वद दिवस संपले की प्रकाशनाला कोणाची परवानगी लागत नाही, असे त्या कलमात स्पष्ट लिहावे. ‘परवानगी अवाजवीपणे नाकारली जाणार नाही’ ही वाक्यरचना दिसायला सौम्य आहे, पण नकाराधिकार मान्य करून टाकते.

हेच बंधन कक्षाने स्वतःवरही घालावे, ही आमची मुख्य मागणी. संशोधकाने दोन पानी प्रकटन अर्ज द्यावा: काय नवीन आहे, सर्वांत जवळचे आधीचे काम कोणते, कोणाचे बौद्धिक योगदान, कोणाचा निधी, बाहेरून आलेले नमुने किंवा कोड कोणते आणि कोणत्या अटींवर, आणि सारांश किंवा निबंध प्रथम कधी दिसणार. पाच कामाच्या दिवसांत पोच, वीस दिवसांत निर्णय: अर्ज करायचा किंवा नाही. निर्णय आला नाही तर संशोधक प्रकाशनाला मोकळा. असे नियमात असेल, तर प्राध्यापक कक्षाकडे आपणहून येतील. आज ते टाळतात, कारण तिथे गेलेली गोष्ट कधी परत येईल याची खात्री नसते.

परवान्यांकडे वळतो. विद्यापीठ स्वतः औषध किंवा यंत्र बनवत नाही. पेटंटचा उपयोग परवान्यातूनच होतो, आणि तिथे घाईने केलेली एक सही वीस वर्षे टिकते. एक्सक्लुझिव्ह परवाना, म्हणजे एकाच कंपनीला दिलेला, तेव्हाच द्यावा, जेव्हा उत्पादन बाजारात आणायला मोठी गुंतवणूक लागणार आहे आणि एकाधिकार नसेल तर ती कोणीच करणार नाही. नवे औषध त्यात बसते. संशोधनाचे साधन, चाचणीची मूळ पद्धत, सर्वांना लागणारे तंत्र बसत नाही. ते कोहेन-बॉयर यांच्या वाटेने, मागेल त्याला द्यावे. एक्सक्लुझिव्ह द्यायचाच तर उपयोगाच्या क्षेत्रापुरता द्यावा. पशुवैद्यकातली कंपनी मानवी निदानाचाही हक्क मागते, वापरण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला मिळू नये म्हणून.

अशा परवान्यात टप्पे तारखांसह लिहावेत: प्रोटोटाइप कधी, नियामकाकडे अर्ज कधी, पहिली विक्री कधी. ‘वाजवी प्रयत्न करील’ एवढेच लिहिले तर तंत्र फडताळात ठेवून बसलेल्या कंपनीकडून ते परत घेता येत नाही. टप्पा चुकला की परवाना नॉन-एक्सक्लुझिव्ह होतो किंवा संपतो, असा परिणाम त्याच कलमात हवा. रॉयल्टीच्या टक्क्यांवर महिनाभर घासाघीस होते आणि ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या कोणी वाचत नाही. त्यात सवलती, वाहतूक, कर, परत आलेला माल एवढ्याच वजावटी असाव्यात. जोड-उत्पादनासोबत एकत्र विकले तर किंमत कशी विभागायची, स्वतःच्याच उपकंपनीला कमी दराने विकले तर कोणता दर धरायचा, हेही लिहावे लागते. उपपरवान्यातून आलेल्या सगळ्या रकमेत वाटा घ्यावा, फक्त रॉयल्टीत नव्हे. ‘भविष्यातल्या सर्व सुधारणा’ देऊन टाकू नका. त्या कलमाने प्राध्यापकाचे पुढचे दहा वर्षांचे संशोधन बांधले जाते आणि पुढच्या निधीदाराला द्यायला काही उरत नाही.

दोन हक्क कधीच सोडू नका. पहिला, संशोधन आणि अध्यापनासाठी वापरण्याचा, स्वतःसाठी आणि इतर ना-नफा संस्थांसाठीही. विद्यापीठ आहे म्हणून कायदा आपोआप सूट देतो, असे धरून चालू नका. २००२ मध्ये मॅडी विरुद्ध ड्यूक खटल्यात अमेरिकी न्यायालयाने ती सूट अत्यंत अरुंद ठरवली. दुसरा, गरीब देशांतल्या उपलब्धतेचा. एचआयव्हीवरचे स्टॅव्हुडिन हे औषध येल विद्यापीठाने ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीला एक्सक्लुझिव्ह दिले होते. दक्षिण आफ्रिकेत स्वस्त औषधाची मागणी झाली, तेव्हा विद्यापीठाच्या हातात करारानुसार फारसे काही नव्हते. विद्यार्थ्यांचा, शोध लावणाऱ्या प्राध्यापकांचा आणि जगभरातून दबाव आला, मग मार्च २००१ मध्ये कंपनीने तिथे पेटंट लागू न करण्याचे जाहीर केले. ठरावीक देशांत पेटंट घेणार नाही, किंवा तिथे जेनेरिक उत्पादकांना अडवणार नाही, हे कलम सहीच्या आधी मागितले तर कंपन्या बहुधा मान्य करतात, कारण तिथून त्यांना नफ्याची अपेक्षा नसते. सहीनंतर ते मागायला आंदोलन लागते.

कॉपीराइटचा भाग वेगळा आहे, आणि त्यात बराच गोंधळ आहे. निबंधाला सीसी बाय परवाना (मूळ लेखकाचे नाव देऊन कोणीही वापरावा, असा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना) लावला म्हणजे पेटंटही दिले, अशी भीती कक्ष दाखवतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० परवान्यांत पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क यात दिलेले नाहीत, असे स्पष्ट लिहिले आहे. अर्ज आधी झाला असेल तर सीसी बायने पेटंटचे काही बिघडत नाही. एनडी (बदल करू नये, ही अट) लावला तर मात्र भाषांतरही प्रसिद्ध करता येत नाही, आणि एनसी (व्यापारी वापर नको, ही अट) लावला तर पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक एक आकृती घ्यायलाही कचरतो. एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या आकृत्या आणि छायाचित्रे वेगळी दाखवून त्यांचे हक्क बाजूला ठेवावेत. प्रकाशकाला कॉपीराइट देण्याआधीच विद्यापीठाने स्वीकृत हस्तलिखिताचा नॉन-एक्सक्लुझिव्ह परवाना लेखकाकडून घेऊन ठेवावा. हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने फेब्रुवारी २००८ मध्ये हेच केले. निबंध पाठवतानाच तसे एक वाक्य त्यात असावे. स्वीकृतीनंतर ते घालायला प्रकाशक सहसा तयार होत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये उलटा धोका आहे. अपाची २.० आणि जीपीएलची तिसरी आवृत्ती या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यांत पेटंटचाही परवाना असतो. विद्यार्थ्याने कोड अपाचीखाली सोडला आणि नंतर त्याच पद्धतीचे पेटंट कंपनीला एक्सक्लुझिव्ह द्यायचे म्हटले, तर त्या एकाधिकारात काही उरत नाही. एमआयटी किंवा बीएसडी परवान्यात पेटंटचा स्पष्ट उल्लेख नसल्याने वाद होऊ शकतो. कोड सोडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: त्यात जीपीएलचा भाग मिसळला आहे का, सगळ्या लेखकांची संमती आहे का (शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांसह), आणि त्यातल्या पद्धतीवर अर्ज करायचा आहे का. बहुतेक वेळा तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असते, मग मोकळेपणाने सोडावा.

कारण प्रत्येक शोधाला पेटंट लागत नाही. उल्लंघन बाहेरून कळणारच नसेल, जसे कारखान्याच्या आतली प्रक्रिया, किंवा क्षेत्र इतके वेगाने बदलते की पेटंट मिळेपर्यंत तंत्र जुने होईल, किंवा अडीच वर्षांत एकही कंपनी विचारायला आली नाही, तर खर्च थांबवावा. खुले ठेवायचे ठरले तर पद्धत पूर्ण तपशिलासह प्रसिद्ध करावी, म्हणजे त्यावर दुसऱ्या कोणाला पेटंट घेता येणार नाही. त्रोटक निबंधाने हे साधत नाही. कोहलर आणि मिल्स्टाइन यांची मोनोक्लोनल अँटिबॉडीची पद्धत १९७५ मध्ये पेटंटविना प्रसिद्ध झाली आणि प्रयोगशाळांत झपाट्याने पसरली; तिच्या पुढच्या उपयोगांची पेटंटे मात्र इतरांनी घेतली. पद्धत खुली ठेवतानाच ज्ञात उपयोगही लिहून ठेवावेत, ते यासाठी.

शेवटी एक विनंती. दरवर्षी आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे आकडे द्या: किती प्रकटन अर्ज आले, निर्णयाला सरासरी किती दिवस लागले, किती पेटंटे सोडून दिली आणि त्यांपैकी किती संशोधकांना परत केली, किती एक्सक्लुझिव्ह परवान्यांत टप्पे चुकले आणि त्यावर काय केले, किती प्रबंध आज एम्बार्गोत आहेत आणि सर्वांत जुना कोणत्या तारखेपासून. मिळालेल्या पेटंटांची संख्या आपण आधीच जाहीर करता. तिच्या शेजारच्या रकान्यात त्यांपैकी किती पेटंटांवर आज कोणी उत्पादन करते आहे, ते लिहा.

आपले विश्वासू,
संशोधन करार, पेटंट आणि प्रकाशन-हक्क यांचे काम करणारे काही जण